एका सुईची बदली

मुंबईच्या ट्रामगाडीविषयी मराठीत इतक्या ममतेने लिहिले गेले आहे की, तिच्या घंटेचा ठणठणाट ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांनाही तो ऐकल्यासारखा वाटतो. परंतु विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर उतरण्यापूर्वीच, नुसत्या तिच्या येण्याच्या वार्तेने, कुलाब्यातल्या एका जुन्या, निरुपद्रवी आणि अत्यंत इमानी सरकारी नोकराची समुद्रापलीकडे बदली झाली, ही हकीकत मात्र ट्रामच्या आठवणींत कोणी सांगत नाही. हा नोकर माणूस नव्हता. रेशमी धाग्याला टांगलेली ती चुंबकाची एक पट्टी होती. साठ वर्षे तिने दक्षिणोत्तर डुलत राहण्यापलीकडे काही केले नव्हते, आणि तिच्या त्या केसाएवढ्या डुलण्याची तासागणिक नोंद ठेवण्यासाठी सरकारने इमारत, साहेब, कारकून आणि वह्या यांची तजवीज केली होती. तिची बदली का झाली हे नीट समजून घ्यायचे, तर ही सुई मुळात ऐकते कोणाचे, येथूनच सुरुवात केली पाहिजे.

प्रयोग अगदी घरगुती आहे. शिवणाची एक पोलादी सुई घ्यावी. लोहचुंबकाच्या एकाच टोकाने ती नेढ्यापासून अग्रापर्यंत, परतताना हात दर वेळी वर उचलून, पंधरा-वीस वेळा घासावी. बुचाच्या पातळ चकतीवर आडवी ठेवून काचेच्या वाडग्यातल्या पाण्यावर अलगद सोडावी. सुई थोडी घुटमळते, एकदा पलीकडे जाऊन परत येते, आणि दक्षिणोत्तर होऊन स्थिर राहते. एवढे सर्वांनी शाळेत पाहिलेले असते. परंतु त्यात जे घडत नाही तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सुई फिरते, पण वाडग्याच्या उत्तरेच्या काठाकडे सरकत नाही. उत्तरेला एखादा चुंबकाचा डोंगर असून तो तिला ओढीत असता, तर ती चकतीसकट त्या काठाला जाऊन चिकटली असती. रॉबर्ट नॉर्मन नावाच्या लंडनच्या एका होकायंत्र करणाऱ्या कारागिराने ही गोष्ट १५८१ साली छापून सांगितली, आणि विद्वानांच्या पिढ्यांना जे दिसले नाही ते एका हत्यारे चालवणाऱ्या माणसाला दिसले याचे मला नेहमी समाधान वाटते. सुईच्या दोन टोकांवर पृथ्वीची ओढ सारखीच आणि परस्परविरुद्ध असते. तिच्यामुळे सुईला वळण मिळते, चाल मिळत नाही. यानंतर एकोणीस वर्षांनी, १६०० साली, विल्यम गिल्बर्टने सर्व पृथ्वीच एक प्रचंड लोहचुंबक आहे असा सिद्धांत मांडला. आणि पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या प्रवाहांतून हे चुंबकत्व उपजते, हे तर विसाव्या शतकाने सांगितले.

नॉर्मनला आणखी एक गोष्ट धंद्याच्या अडचणीतून सापडली होती. सुई चुंबकित करण्यापूर्वी तराजूच्या दांडीसारखी समतोल बसवावी, आणि चुंबक फिरवताच तिचे उत्तरेचे टोक खाली झुकावे, हा त्रास प्रत्येक कारागिराला होत असे. तो निमूटपणे दुसऱ्या टोकाला वजन लावून वेळ मारून नेई. नॉर्मनने हे झुकणेच मोजले. याला आपण नती म्हणतो. चुंबकीय विषुववृत्तावर ती शून्य असते, ध्रुवावर सुई सरळ उभी राहते, आणि मुंबईच्या आसपास हा कोन सुमारे पंचवीस अंशांच्या घरात येतो. याखेरीज सुईची उत्तर आणि ताऱ्यांवरून काढलेली खरी उत्तर यांच्यात जे अंतर पडते त्याला दिक्पात म्हणतात. नती आणि दिक्पात हे सुईचे दोन स्वभावधर्म होत. यांत आडव्या दिशेच्या ओढीचे बळ मिळवले की सुईविषयी विचारण्यासारखे सगळे विचारून होते.

लोहचुंबकाची ओळख आपल्याकडे जुनी. शरीरात रुतलेले लोखंडी शल्य बाहेर काढण्याच्या उपायांत सुश्रुताने अयस्कान्ताची गणना केली आहे, आणि सुई त्या मण्याकडे का सरकते या प्रश्नाशी येऊन ठेपल्यावर वैशेषिक सूत्रकार कणाद त्याचे कारण ‘अदृष्ट’ असे देऊन मोकळे होतात. कारण दिसत नसेल तर ते दिसत नाही असे सरळ म्हणणे, हा प्रामाणिकपणाच म्हटला पाहिजे. परंतु सुई जवळच्या मण्याकडे सरकते ही एक गोष्ट, आणि जवळपास कोणताही मणी नसता ती ठरावीक दिशेकडे वळते ही अगदी दुसरी. आपल्याकडे सर्व काही आधीच होते असे सांगणारी मंडळी या दोहोंची सरमिसळ करतात, ती करू नये. दुसरीचा स्पष्ट लेखी दाखला चीनमध्ये शेन कुओ याच्या १०८८ च्या सुमाराच्या ग्रंथात मिळतो. नव्या कोशातला रेशमाचा एकेरी तंतू घ्यावा, मेणाच्या कणाने तो सुईच्या मध्यावर चिकटवावा आणि वारा नसलेल्या जागी ती टांगावी, असे तो सांगतो. आणि सुई दक्षिण दाखवते खरी, पण किंचित पूर्वेकडे झुकून, हेही तो नमूद करतो. रेशमाचा तंतू, निवाऱ्याची जागा आणि खऱ्या दिशेपासूनचे अंतर, या तिन्ही गोष्टी त्या वर्णनात आहेत. साडेसातशे वर्षांनी कुलाब्याच्या खोलीत जे टांगले गेले त्याचा सगळा आराखडा जणू तेथेच आहे.

हिंदी महासागरात हे ज्ञान कोणत्या वाटेने उतरले ते येथे विस्ताराने सांगत नाही. मात्र बैलक नावाच्या एका ग्रंथकाराने १२८२ साली लिहून ठेवले आहे की, हिंदी समुद्रातले दर्यावर्दी पोकळ लोखंडी पत्र्याचा मासा पाण्यावर सोडतात आणि त्याचे तोंड व शेपूट दक्षिणोत्तर होते. अरब मालिमांनी, म्हणजे गलबतावरच्या वाट दाखवणाऱ्यांनी, क्षितिजाचे बत्तीस भाग केले होते आणि त्यांना ताऱ्यांच्या उदयास्तांवरून नावे दिली होती, म्हणजे यंत्र हाती आल्यावरही त्यांच्या तोंडची भाषा आकाशाचीच राहिली. आपल्या जुन्या दर्यावर्दी बोलीतला ‘होका’ हा शब्दही अरबीतल्या ‘हुक्का’ म्हणजे डबी या शब्दाशी जोडला जातो, आणि गुडगुडीचा हुक्का हाही त्याच घराण्यातला. डबीत सुई ठेवली की एक हुक्का आणि पाणी-तंबाखू भरली की दुसरा. पुढे त्याला आपण ‘यंत्र’ जोडले आणि होकायंत्र असा अर्धा अरबी अर्धा संस्कृत, परंतु कानाला मुळीच न खटकणारा शब्द तयार झाला. तथापि, कोकणच्या तांडेलाचा सगळा इतबार या डबीवर होता असे समजू नये. पाण्याचा रंग, खोली मापणाऱ्या बुडीदासोबत वर आलेली तळची माती, किनारा जवळ आल्याची वर्दी देणारे पाण्यातले साप, डोंगरांच्या ओळखीच्या रेघा, यांच्या पंक्तीला होका बसत असे. धुक्याच्या किंवा ढगाळ रात्री तो पंक्तीत पहिला, एरवी शेवटचा.

चुंबकाच्या खडकांची भीती मात्र या समुद्रावर फार जुनी. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात, समुद्रगामी नावेच्या तळाच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातले चुंबकीय खडक तिला ओढून घेतील, असा इशारा दिलेला आहे. काथ्याने शिवलेली गलबते आपल्या किनाऱ्यावर खरोखरच बांधली जात, आणि वाळूवर आदळताना खिळ्यांच्या गलबतापेक्षा ती अधिक लवत, हे त्यामागचे व्यवहारी कारण असावे. समुद्रातला खडक गलबत ओढून घेईल ही भीती निराधार. परंतु खडक सुईला फसवू शकतो ही गोष्ट मात्र अगदी खरी आहे, आणि ती प्रथम ज्याच्या ध्यानात आली तो पोर्तुगीज गृहस्थ योगायोगाने आपल्याच किनाऱ्यावर, वसईला, होता.

जुआंव द कास्त्रो हा लिस्बनहून १५३८ साली गोव्यास निघाला तो गणिती पेद्रू नुनिश याच्या तालमीत तयार झालेला आणि त्याने सुचवलेले छायेचे उपकरण बरोबर घेऊन. वाटेत सर्वत्र तो सूर्याच्या छायेवरून खरी उत्तर काढी आणि सुईशी ताडून पाही. एकदा गलबतावर दोन ठिकाणचे आकडे जुळेनात, तेव्हा जवळच्या तोफांचे लोखंड सुईला ओढीत असल्याचे त्याच्या लक्षात आले. दिक्पातावरून रेखांश सहज काढता येईल अशी त्या काळच्या दर्यावर्द्यांना मोठी आशा होती; कास्त्रोच्या आकड्यांनी ती धुळीस मिळवली. पुढे गोव्याहून दीवकडे किनाऱ्याने जात असता वसईच्या परिसरात त्याने वेध घेतले, आणि जवळजवळच्या जागी सुई निरनिराळे सांगू लागली. येथे तोफा नव्हत्या. तेव्हा हा दोष खडकांचा, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो बरोबर होता. घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवणारा हाच माणूस. पुढे तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्याधिकारी झाला आणि १५४८ साली गोव्यातच वारला. आपल्या इतिहासांत त्याची आठवण लढायांसाठी निघते. काळ्या कातळाने सुई फसते हे सांगणारा पहिला माणूस म्हणून ती निघत नाही.

या कातळाचा अनुभव मला शाळकरी वयात आला होता. बक्षीस मिळालेले पितळी झाकणाचे होकायंत्र घेऊन मी एका गडावर गेलो होतो, आणि बुरुजाजवळच्या एका उघड्या खडकावर ते ठेवले तेव्हा उत्तर भलतीकडेच गेली. दोन पावले सरकून पाहिले, तर ती आणखी निराळी. समोर ओळखीचा डोंगर उभा, खाली ओळखीची नदी, डोक्यावर कलता सूर्य, आणि हातातले यंत्र मात्र शपथेवर खोटे बोलत होते. ते बिघडले अशी माझी खात्री झाली. खाली गावात येऊन पाहतो तो ते पुन्हा शहाण्यासारखे वागत होते. सह्याद्रीच्या काळ्या फत्तरात मॅग्नेटाइट नावाच्या चुंबकीय खनिजाचे कण असतात. शिखरावरच्या खडकावर वीज पडली की तिच्या प्रवाहाने ते कण जोरदार चुंबकित होतात, आणि अशा खडकावर ठेवलेली सुई पृथ्वीऐवजी त्याचेच ऐकते. हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

या फत्तरासंबंधी आणखी एक नवल येथेच सांगून टाकतो, जरी त्याचा कुलाब्याच्या सुईशी संबंध थोडा आडवळणाचा आहे. तप्त लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राला अनुसरून गोठतात. म्हणजे प्रत्येक थर हे एक थिजलेले होकायंत्रच असते. १९५० नंतरच्या दशकात या दख्खनी थरांचा अभ्यास झाला, त्यात मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचे काम होते. या थिजलेल्या सुयांपैकी पुष्कळ उलट्या, म्हणजे आजच्या उत्तरेच्या जागी दक्षिण दाखवणाऱ्या निघाल्या. आणि त्यांची नती अशी की, हा लाव्हा वाहिला त्या काळी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला असली पाहिजे. ज्या कातळात आपल्या पूर्वजांनी लेणी कोरली आणि छत्रपतींनी टाकी खोदविली, तो कातळ स्वतः दक्षिण गोलार्धातून चालत आलेला प्रवासी आहे.

आता कुलाब्याकडे वळू. कंपनी सरकारने १८२६ साली मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला वेधशाळा बांधली ती ताऱ्यांचे वेध घ्यावेत आणि बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ मिळावी म्हणून. ताऱ्यांचे काम मनासारखे उभे राहिले नाही. त्या सुमारास जर्मनीत गटिंगेन येथे थोर गणिती गाउस याने सुईचे वेध एकाच वेळी अनेक देशांत घेण्याची टूम काढली होती. त्याच्या पद्धतीत चुंबकावर एक लहान आरसा बसवलेला असे. काही हात दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून त्या आरशात एका मोजपट्टीचे प्रतिबिंब पाहायचे, आणि सुई डोळ्याला न दिसण्याइतकी हलली तरी प्रतिबिंबातला आकडा बदलायचा. ठरलेल्या दिवशी सर्व वेधशाळांनी गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दर पाच मिनिटांनी, चोवीस तास आकडे टिपायचे असा दंडक होता. या कल्पनेने इंग्रज सरकारचेही मन घेतले, आणि कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथे सुईची ठाणी मुक्रर केली. बाकीची कालांतराने बंद पडली. मुंबईचे टिकले. कुलाब्याला काम १८४१ मध्ये सुरू झाले, आणि १८४६ पासून नोंदींची जी अखंड मालिका लागली ती तुटली नाही.

या कामावर एल्फिन्स्टन विद्यालयातले प्राध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार होते. आमच्या जुन्या चरित्रांतून ते ‘आर्लिबार’ या घरगुती नावाने वावरतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. पत्रकार म्हणून त्यांच्या तसबिरीला दर वर्षी हार घातला जातो. परंतु संस्कृत, गणित, ज्योतिष आणि ताम्रपट यांच्यात रमणारा तो तरुण शास्त्री कुलाब्याच्या अंधाऱ्या खोलीत चुंबकाचे आकडे तपासत बसला आहे, हे चित्र मला अधिक मोहवते. १८४६ साली, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, तो ऐन तारुण्यात गेला. त्याच वेधशाळेत ऑर्लेबारांचे एक शिष्य अगदी कोवळ्या वयात मदतनीस म्हणून लागले होते, ते केरो लक्ष्मण छत्रे. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे, आणि पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. त्यांचा जन्म अलिबागच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेल्या नागावचा, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

त्या खोलीतला दिनक्रम काय होता? उपकरणे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली. एक चुंबक मोकळा टांगलेला, तो दिक्पात दाखवणारा. दुसरा दोन समांतर धाग्यांनी अडकवून मुद्दाम पूर्व-पश्चिम पिळून धरलेला, म्हणजे पृथ्वीची आडवी ओढ कमी-जास्त झाली की त्याचा पीळ सैल किंवा घट्ट व्हायचा. निरीक्षकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, मोजपट्टीवरची रेघ वाचायची, घड्याळ पाहायचे, वहीत आकडा मांडायचा, तासाभराने पुन्हा तेच. दिवसा, रात्री, पावसात, सणावारी. सुई रोज सकाळपासून दुपारपर्यंत एका बाजूला चिमूटभर सरकते आणि संध्याकाळपर्यंत परत येते, ही तिची नित्याची फेरी. सूर्यामुळे वातावरणाच्या उंच थरांत जे विद्युत्प्रवाह वाहतात त्यांची ती सावली असते. ही फेरी सोडून एरवी काही घडत नसे. इतिहासाच्या साधनांत बखरी आणि कैफियती वाचणाऱ्याला या वह्या रुक्ष वाटतील, परंतु त्यांच्याइतके निःपक्षपाती दप्तर दुसरे सापडणे कठीण. कारण लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहो याचा अर्थ ठाऊक नसे, आणि म्हणून त्यात रंग भरण्याचा मोहही होत नसे.

१८५९ चा सप्टेंबर उजाडला. १ तारखेला इंग्लंडात रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांचे चित्र काढीत होता. सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका पुंजक्यावर डोळे दिपवणाऱ्या शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके झळकले. साक्षीला कोणी मिळावे म्हणून तो धावत गेला आणि परत येतो तो ते मावळत चालले होते. पाचेक मिनिटांत सारे संपले. सतरा-साडेसतरा तासांनी पृथ्वीवर हलकल्लोळ उडाला. एरवी ध्रुवाजवळ दिसणारे प्रकाशाचे पडदे क्यूबापर्यंत दिसले. युरोप-अमेरिकेतल्या तारा ठिणग्या टाकू लागल्या, आणि काही ठिकाणी तारमास्तरांनी बॅटरी सोडवून नुसत्या आकाशाच्या विजेवर निरोप धाडले. मुंबईत त्या वेळी २ तारखेची सकाळ होती. भाद्रपदाचा शुक्ल पक्ष, गणपतीचे दिवस. वेधशाळा तेव्हा इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्गसन यांच्या ताब्यात होती. दुपारपूर्वी दोन धाग्यांच्या चुंबकाने एकाएकी नित्याचा रस्ता सोडला, आणि आकडे टिपणाऱ्यांनी तासाची वाट न पाहता काही काही मिनिटांनी नोंद सुरू केली. आडव्या बळात जी घसरण झाली ती आजच्या मापाने सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मुंबईच्या एकंदर आडव्या ओढीतले शंभरातले चार भाग. सुईच्या जगात हा भूकंपच.

युरोपातल्या कित्येक वेधशाळांत त्या दिवशी सुई मोजपट्टीच्या बाहेर निघून गेली आणि आकडाच उरला नाही. कुलाबा ध्रुवापासून दूर असल्याने येथे ती पट्टीवर राहिली, आणि दुर्बिणीला डोळा लावून कोणी तरी बसलेले होते म्हणून ती वहीतही राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधकही होते, ही जुनी पाने काढून त्या चुंबकीय वादळाचे मोजमाप केले, तेव्हा कुलाब्याच्या आकड्यांना जगभर मागणी आली. इतक्या मोठ्या घसरणीची कारणे कोणती याविषयी विद्वानांत अजून वाद चालतो. आकड्यांवर मात्र विश्वास ठेवूनच तो चालतो.

पुढे वेधशाळेचे मुख्य झालेल्या चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत कुलाब्याला छायाचित्रणाची उपकरणे आली. चुंबकाच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका हळूहळू फिरणाऱ्या दंडगोलावरच्या संवेदनशील कागदावर आपली रेघ आपणच ओढू लागला, आणि रात्रपाळीच्या डोळ्यांना विश्रांती मिळाली. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे मुख्य झाले. त्या जागेवर कायमची नेमणूक झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. चार वर्षे होतात न होतात तोच मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याची बोलणी सुरू झाली.

घोड्याच्या ट्रामशी सुईचे भांडण नव्हते; १८७४ पासून ती शहरात चालत होती, आणि तिचे लोखंड कुलाब्याच्या खोलीपासून दूर होते. विजेच्या ट्रामचे प्रकरण निराळे. डोक्यावरच्या तारेतून आलेला प्रवाह गाडीचे यंत्र फिरवून रुळांतून परत जातो, असे हिशेबात लिहिलेले असते. वस्तुतः रूळ जमिनीला टेकलेले असल्याने त्यातला काही भाग वाट सोडून मातीत पाझरतो आणि पाण्याच्या नळांतून, ओल्या खडकांतून भलतीकडे हिंडतो. हा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे सुईला नेमका जाणवणारा. गाडी निघाली, थांबली, चढ चढली, की तो वाढतो, घटतो. आणि जी सुई नऊ-दहा कोटी मैलांवरच्या सूर्याची कुजबुज ऐकण्यासाठी टांगलेली, तिला धोबीतलावाच्या थांब्यावर कोण उतरले तेच ऐकत बसावे लागते. मूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या: ट्रामला हरकत घेत बसणे, किंवा सुई हलवणे. शहर थांबणार नाही हे ओळखून त्यांनी दुसरी वाट धरली, आणि विजेची गाडी निदान एवढ्या लवकर पोहोचणार नाही, तरी मुंबईच्या वह्यांशी तुलना करता येईल इतकी जवळची जागा म्हणून मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले.

येथे भूगोलाने एक सुरेख थट्टा केली आहे. अलिबागच्या समुद्रात शिवछत्रपतींनी बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला किल्लाही कुलाबाच. त्यावरून त्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होते. म्हणजे सुईची बदली कुलाब्याहून कुलाब्यास झाली. आणि ज्या परिसरातला नागावचा मुलगा साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिची चाकरी करायला मुंबईस आला होता, त्याच परिसरात ती स्वतः राहायला गेली.

घर बांधणे सोपे नव्हते. कोकणात घरासाठी पहिला हात काळ्या दगडाला जातो, आणि तोच येथे वर्ज्य. कास्त्रोला वसईस आणि मला गडावर ज्याने फसवले तोच हा दगड. म्हणून काठेवाडातून पोरबंदरचा फिकट दगड, तो चुंबकत्वापासून मुक्त असल्याची खात्री करून घेऊन, आणला गेला. लोखंडी खिळा, बिजागरी, कडी यांना मज्जाव. त्यांच्या जागी तांबे आणि पितळ. उष्णतेने चुंबकाचे बळ उतरते, तेव्हा आतली हवा वर्षभर शक्य तितकी एकसारखी राहील अशी बंदिस्त रचना. अशा खोलीत शिरणाऱ्याने चाव्यांचा जुडगा, चाकू, काड्यांची छत्री, नालांचे जोडे हे सारे बाहेर ठेवून जायचे असते. देवळात जोडे काढतात ते शुचित्वासाठी. येथे काढावयाचे ते टाचेतल्या खिळ्यांसाठी.

१९०४ साली अलिबागची सुई टांगली गेली. परंतु मूस यांनी जुनी लगेच उतरवली नाही; १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणची उपकरणे जोडीने चालवली. जागा बदलली की आकड्यात जो कायमचा फरक पडतो तो किती, हे दोहोंची रुजुवात घेतल्यावाचून कळत नाही, आणि ते कळले नसते तर साठ वर्षांच्या वह्या आणि पुढच्या वह्या ही दोन निरनिराळी पुस्तके झाली असती. आपल्याकडे नवे दप्तर उघडले की जुने माळ्यावर जाते. या एका पारशी गृहस्थाने मात्र सांधा असा बसवला की तो शोधूनही बोटाला लागत नाही. १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या साऱ्या आकड्यांची छाननी करून त्यांनी ती १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. १८५९ चे वादळ शोधणाऱ्यांना पुढे याच कामाचा आधार झाला.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. कुलाब्याला तोवर चुंबकाची मालिका बंद होऊन गेली होती. तेथे पाऊस आणि वारा मोजण्याचे काम राहिले. १९२५ मध्ये बोरीबंदर-कुर्ला अशी विजेची आगगाडीही सुरू झाली. पुढे ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, लोक तिला निरोप देण्यासाठी रस्त्यावर जमले, आणि मग तिचे रूळ डांबराखाली गेले. सुईला घालवणारी गाडी अशी निघून गेली. सुई मात्र परत आली नाही. कुलाब्याच्या टोकावर लोखंडी सळयांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. ती अलिबागेतच राहिली, पोरबंदरी दगडाच्या भिंतींआड, आंग्र्यांच्या किल्ल्याला भरतीचे पाणी वेढा घालते त्या किनाऱ्यावर.